डिचोलीत, साडेसात ते नऊ

सायकलवाल्याच्या दुकानावरची खोली.
एकच ट्यूबलाइट, तीही विचार करून लागते.
फळ्यावर मी चार शब्द लिहिले:
कॅन, कुड, मे, माइट.
बार्जवरचा खलाशी कुष्टा गावस म्हणाला,
"बाई, पहिला ठाऊक आहे. पाच लिटरचा.
आमच्याकडे फेणी त्यातूनच येते."
सगळे हसले, मीही हसले,
आणि शिकवायला लागल्यावर अडकले.

कारण आपल्याकडे पोहता येतं.
पोहणं येतं, पाहुण्यासारखं, आपल्या पायांनी,
लहानपणी कधीतरी एका दुपारी,
आणि आलं की जात नाही.
इंग्रजीत माणूस स्वतःच पुढे होतो, छाती काढून: आय कॅन.
आपण "मला" म्हणून चतुर्थीत बसतो, जरा मागे,
येणाऱ्याला जागा करून.

"शकतो म्हण," मी कुष्टाला सांगितलं.
"शकतो म्हटलं की नदी ऐकते, बाई."

वीस वर्षं त्याने मांडवीतून लाल माती वाहिली.
खाणी थांबल्या, बार्ज काठाला लागले,
आता गुरुवारी पणजीत मुलाखत,
क्रूझवर, लाँड्रीत.
कॅन यू स्विम, हे विचारतीलच.
तो उत्तर घोकतो: आय मे.
मी खोडते. तो पुन्हा तेच.
"अरे, मे म्हणजे परवानगीसुद्धा होते."
"मग बरोबर आहे," तो म्हणतो. "तिचीच."

इनास रेंदेराचं वय अडुसष्ट.
स्विंडनला नात आहे, तिला कोकणी कळते, येत नाही,
म्हणून हा जिना चढतो, प्रत्येक पायरीला थांबून.
कुडचं वाक्य त्याने मात्र एका दमात केलं:
आय कुड क्लाइम्ब फॉर्टी ट्रीज.
दिवसाला चाळीस माड,
कमरेला कोयती, पाठीला भोपळा,
वरून म्हापशाची वाट दिसायची म्हणे.
मग गुडघा चोळत विचारलं,
"कुड म्हणजे कुडीत होतं ते, नाही का?"
व्याकरणाच्या पुस्तकात असं कुठेच नाही.
मी हो म्हटलं.

पियेदाद खिडकीशी बसते, फोन उलटा ठेवून.
वहीत लिहिते: माय सन मे कॉल ऑन संडे.
मग मे खोडून माइट.
मग माइट खोडून मे.
कागद तिथे इतका पातळ झालाय
की मागच्या पानावरचा एप्रिल दिसतो.
"दोघांत अंतर किती, बाई?"
पुस्तक म्हणतं, थोडंसं.
मी म्हटलं, या रविवारपासून त्या रविवारपर्यंत.
तिने ते उतरवून घेतलं. मला नंतर वाईट वाटलं.

शुक्रवारी कुष्टा उशिरा आला.
शर्ट मुलाखतीचाच, इस्त्री उतरलेली.
"काय विचारलं?"
"पोहण्याचं काहीच नाही.
चादरींच्या घड्या घालायला लावल्या. अकरा चादरी."
"मग?"
तो उठला, खडू घेतला,
फळ्यावर लिहिलं: दे मे.
थोडा वेळ बघत राहिला,
आणि मे-ला धक्का न लावता खडू ठेवून दिला.

नऊ वाजले. इनास आधी उतरला, भिंत धरून.
मी फळा पुसत होते, आणि का कोण जाणे, बोलून गेले
जे एवढ्या वर्षांत कुठल्या वर्गात
उदाहरणालाही घेतलं नव्हतं:
मला पोहता येत नाही.

कुष्टाने वळूनसुद्धा पाहिलं नाही.
चपला शोधत होता, एक मिळाली होती.
"रविवारी तळीवर या," म्हणाला. "येईल."

पोहणं येईल की तो स्वतः येईल,
हे जिन्यावर विचारायचं राहिलं.
मी कुलूप लावलं. ते नेहमी दोनदा ओढून बघावं लागतं.