दोन घोड्या

आधी जागा बघ, यल्लाप्पा मामा म्हणायचे.
अनगोळात आमच्या गल्लीत सपाट जागा म्हणजे
गटारावर टाकलेला काँक्रीटचा तुकडा,
कपडे वाळत घालायच्या तारेखाली.
तिथं मी ओम्नी लावते,
रविवारी, नळ येऊन गेल्यावर.

पहिला गिअर. हँडब्रेक दात मोजत ओढते, सहा.
मागच्या चाकांना लाकडी पाचरी, पुढून आणि मागून.
नट सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच,
मग जॅक.

समोरच्या कट्ट्यावर मल्लव्वा शेंगा फोडत बसलेली.
"एन माडाकत्ती?"
"ब्रेक बघायलोय मावशी. जरा हाक मारत राहा."
तिला कारण विचारायची गरज वाटली नाही.
सूप मांडीवरून खाली घेऊन ती
माझ्याकडे तोंड करून बसली.

घोड्या मामांच्या.
उद्यमबागेत एकतीस वर्षं ओतकाम केलं त्यांनी,
घरी मात्र सायकल.
बाकीचे लोक रिजेक्ट माल आणायचे,
कुणाच्या दाराला अडसर, कुणाच्या लोणच्यावर वजन.
मामांनी या दोन पैसे मोजून घेतल्या.
पावती अजून आहे, पत्र्याच्या डब्यात, शाई उडालेली.
गाडी कुणाची म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे,
येईल की कुणाची तरी.

मच्छेच्या बाळू मुतगेकरनं
जांभ्याचे चिरे रचले होते, तीनावर तीन.
चिरा भार घेतो, घेत राहतो,
आणि मग एकदम पिठीसाखर.
मामा तिकडून आले तेव्हा सदऱ्यावर तांबडी धूळ होती.
चहा घेतला नाही.
बाळूच्या चपला बाहेर नीट जोडून ठेवलेल्या होत्या,
एवढंच म्हणाले.
दुसऱ्या दिवशी मला बोलावून
घोडीचा दात कसा बसतो ते दाखवलं,
मी तेव्हा नववीत.
जॅक उचलतो गं पोरी, धरत नाही.
उचलून देणारे मिळतात पुष्कळ.

डावीकडून चार दात वर. घोडी चासीच्या जाड भागाखाली,
पत्र्याखाली नव्हे. जॅक हळूच सोडला,
गाडीनं एक सुस्कारा टाकून बैठक घेतली.
मग उजवीकडून तेच. जॅक काढत नाही,
टेकून राहू दे, कुणाचं काय जातंय.
काढलेली चाकं आडवी करून गाडीच्या पोटाखाली सरकवली.

आता भांडण काढायचं.
दोन्ही हात दाराच्या खांबावर ठेवून
गाडीला ढकलायचं, जीव खाऊन,
आत जे व्हायचं ते बाहेर उभं असताना होऊ दे.
ढकलली. आरशाला लटकणारा लिंबू हलला.
घोड्या हलल्या नाहीत.
"निधान, निधान!" मल्लव्वा ओरडली,
कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन झोपलं.

पोत्यावर पाठ टेकून आत शिरले.
रोज बसतो त्या गाडीला खालून ओळख नाही.
जांबोटीची तांबडी, बैलहोंगलची काळी,
शिनोळीच्या पलीकडची कुठलीतरी करडी,
थरावर थर.
ब्रशनं खरवडलं तर तोंडात आलं,
चव सगळ्याची ऑइलची.

पॅड संपलेच होते. नख जाईल एवढेच उरलेले.
आणि नाकासमोर, घोडीच्या पायावर
ओतीव आकडा, दोन टन,
त्यातला एक शून्यासारखा फोड घासून काढलेला,
कानशीचे आडवे ओरखडे तसेच.
ही घासणी कारखान्याची नव्हे.

"अदीयेनवा?"
आहेस का, विचारायलीय.
"हाय!"
टरफलं फुटल्याचा आवाज. मग पुन्हा,
"अदीयेनवा?"
"हाय, मावशी."

पाना निसटला, बोट सोललं, शिवी आली,
ती मराठीत होती, मल्लव्वाला कळली.
मग बराच वेळ टरफलांचा आवाज आला नाही.
मान वाकडी करून बघितलं तर
शेंगा संपल्या होत्या, सूप रिकामं,
ऊन तिच्या पायांवरून गुडघ्यांवर चढलेलं.
उठली नव्हती.
"अदीयेन?"