हयातीचा दाखला

नोव्हेंबरात म्हातारी माणसं बँकेत येतात,
आपण अजून आहोत हे सांगायला.
खिडकी नंबर चार, शाखा पुणे कॅम्प.
मी आधार नंबर टाकतो, यंत्र पुढे सरकवतो,
अंगठा ठेवा म्हणतो. दिवा हिरवा होतो.
झालं. आणखी एक वर्ष.

ब्रोनिस्लावा रंगराव घाटगे.
फॅमिली पेन्शन, नवरा खडकीच्या कारखान्यात होता.
वय एकोणनव्वद. फुलाफुलांचा झगा, वर पुरुषी स्वेटर,
आणि बोलली की थेट गंगावेस.
वळिवड्याच्या छावणीत शिकलेली मराठी,
मी आलो, मी बसलो म्हणणारी.

अंगठा जुळेना.
तर्जनी जुळेना. डावा हात, तोही नाही.
मागे रांगेत कुणीतरी घड्याळ बघत खाकरलं.
मी ओल्या फडक्यानं तिची बोटं पुसली:
गुळगुळीत, नदीतल्या खड्यासारखी, रेघ म्हणून नाही.

"कितीबी पूस लेका. बर्फात ऱ्हायल्यात त्या.
चौदाची होतो. रातीला दार वाजलं,
अर्ध्या तासात बांधाबांध, मग गुरांचा डबा.
किती दिवस, ते आई भिंतीवर कोरत हुती.
पुढं करवत. एका टोकाला मी, दुसऱ्याला आई.
मग दुसऱ्या टोकाला दुसरंच कोन तरी."

यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

मी खणातून जुना छापील फॉर्म काढला.
*वरील व्यक्ती आज माझ्यासमोर समक्ष हजर असून*
*जिवंत असल्याचे प्रमाणित करतो.*
तिनं तो काचेवर चष्मा टेकवून वाचला, दोनदा.
शाखेच्या नावावर बोट ठेवून हसली जराशी.
"हितं लोक हौसेनं जात्यात कॅम्पात. बुटं घ्यायला."

मग आवाज खाली आणून म्हणाली,
"मीबी दिलाय एकदा असला दाखला.
युरेक माझा, धाकटा, नऊ वर्साचा.
रातीत गेला. सकाळी मोजायला शिपाई आला.
म्हनलं, झोपलाय, ताप हाय.
तीन दिवस म्हनलं.
तीन दिवस त्येच्या वाटणीचा पाव आला."

पाव कुणी खाल्ला ते तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. पंखा उगाच फिरत होता.

सही करताना माझं पेन अडलं,
शाई नव्हती म्हणून, दुसरं काही नाही.
शेजारच्या सावंतबाईंचं घेतलं.
शिक्का मारला, तारीख घातली,
पोचपावती तिनं चौघडी करून
स्वेटरच्या बाहीत सरकवली, पिशवी असूनही.

जाताना विचारलं तिनं,
पुढल्या साली तूच असशील न्हवं हितं?
मी म्हणालो, बदली झाली नाही तर.

मग घोरपडीचे एक सुभेदार आले.
पहिल्याच खेपेला अंगठा जुळला.