तीन वाजताचा गजर

मन्सूराच्या दवाखान्यात पोरगी फॉर्म भरून घेते:
गेल्या आठवड्यात झोप कशी होती, अम्म रिझ्क?
शून्य ते चार, आकडा सांगा.

आता काय सांगू.
आतड्याचाच तुकडा शिवून पिशवी केली,
त्याला अकरा वर्षं झाली.
भरली तरी बोलत नाही ती,
आतड्याला बिचाऱ्याला कुठलं ठाऊक हे काम.
म्हणून बाराला गजर, तीनला गजर.
नईमा माझ्याआधी जागी होते,
खांदा हलवते,
आणि मी परत येईपर्यंत घोरत असते.

नवराबायकोच्या सुखाचा प्रश्न आला
तेव्हा पोरीने मान खाली घातली. मीही.
दोन, म्हणालो.
दोघं आहोत, म्हणून.

कालव्याबद्दल फॉर्ममध्ये काहीच नाही.
म्हशीच्या पाठीवरून उड्या मारायचो,
गोगलगायी गोळा करायचो डब्यात.
लघवी लाल झाली तेव्हा बाप हसला होता:
पोरगा वयात आला!

नातवाला मी क्लबच्या तलावात पोहायला शिकवलं,
काठावरून, ओरडून.
मध्येच उठावं लागतं मला.
तोवर तो कठड्याला धरून थांबतो,
ओठ निळे पडले तरी.

सही कुठे करू, बेटा?