पोपळे

बाबा एकतीस वर्षं चिंचवडच्या कारखान्यात
स्पीडोमीटर तपासत होते.
काटा साठावर थरथरतोय की नुसता टेकलाय,
हे डोळे मिटून सांगायचे, काचेला कान लावून.
घरी मात्र किलोमीटर बंद.
घरी पोपळे.

खालच्या मजल्यावरचे यशवंत पोपळे,
लुनावर, दोन्ही पाय जमिनीलगत लोंबते,
दांडेकर पुलापासून पर्वती पायथ्यापर्यंत
एकाच वेगात. चढ असो, उतार असो,
मागे ट्रक हॉर्न बडवत असो.
"प्रमाण म्हणजे असं," बाबा म्हणायचे.
"पृथ्वी हलेल, हा माणूस नाही बदलायचा."

मग सगळंच पोपळ्यांत मोजलं गेलं.
स्वारगेटची संध्याकाळी सहाची बस : पाऊण पोपळे.
उतू जाणारं दूध : चाळीस,
आई दारात बोलत उभी असली तर साठ.
महापालिकेत आमच्या नळजोडाचा अर्ज
पोपळ्याचा हजारावा भाग, तोही साहेब जागेवर असताना.
आत्याच्या तोंडून निघालेली बातमी
बिबवेवाडीला पोचते ते मोजायला काटाच नाही,
असं वहीत लाल शाईने लिहून ठेवलंय.
कात्रजच्या मंडळींनी माझ्या स्थळाला
नकार कळवायला सात महिने लावले.
तो वेग वहीत नाही.
तिथे नुसती तारीख, आणि खोडलेलं काहीतरी.

गेल्या श्रावणात पोपळे न्हाणीघरात घसरले.
खुब्यात सळई बसली. लुना भाच्याने नेली.
आता वॉकर. पलंग ते दार अकरा मिनिटं,
मध्ये एकदा खुर्ची.

बाबा दोन दिवस वही उघडेनात.
प्रमाणच हललं तर मागचं सगळं
पुन्हा मोजायचं का?
तिसऱ्या दिवशी पुढ्यातला चहा निवून गेल्यावर म्हणाले,
"हिशेबाने बघ, स्वारगेटची बस आता
पाचशेच्या वर जातेय.
आणि आपला तो अर्ज,
तो पाऊण पोपळ्यावर आलाय की गं."
हसले नाहीत.

रोज साडेपाचला खाली जातात.
पोपळे वॉकर उचलतात, टेकवतात, मग पाय.
बाबा शेजारी, हात मागे बांधून,
एक पाऊल टाकून थांबलेले.
मी गॅलरीतून बघते, कपडे काढता काढता,
दोरी रिकामी होते तरी ते
जांभळाच्या झाडापाशीच असतात.

काल फाटकापर्यंत गेले म्हणे.
मी विचारलं, वेग किती?
"एकच," बाबा चपला काढत म्हणाले,
"दुसरा कसा असेल?
बरं, फाटकाची कडी राहिली लावायची.
जाऊन ये जरा.
पळू नकोस, ते अजून जिन्यातच आहेत."