फाट्यावरची बातमी

दर दुसऱ्या शनिवारी सकाळची शाळा सुटता सुटता
शिवलीला हिरेमठ येते, खानापूरच्या बसनं,
म्हणजे अलीकडच्या थांब्यावर उतरून दोन किलोमीटर चालत,
कारण आमच्या फाट्यावर बस थांबत नाही.

विद्यापीठानं दिलं ते असं:
एक प्रिंटर, शाई सुकलेला,
चार रीम कागद, त्यातला एक उंदरांनी घेतला,
आणि पत्रकारिता शिकणारी ही मुलगी.
मराठी बोट ठेवून वाचते,
आमची पोरं कन्नड वाचतात तशी.

नववीतल्या तेजल घाडीनं लिहून आणलं:
‘बस न थांबवणाऱ्या मुजोर चालकाचा निषेध.’
मी विज्ञान शिकवतो. मला वाटलं, फक्कड जमलंय.
शिवलीला म्हणाली, “चालकाला विचारलीस काय?”
तेजल गप्प.
“किती दिवस थांबली नाही? मोजलीस?”
तेजल अंगठ्यानं फरशी कोरत राहिली.
‘मुजोर’भोवती पेन्सिलीचं एक कडं.
खोडला नाही. नुसतं कडं.

मग बारा दिवस वहीत उभ्या रेघा.
तेराव्या दिवशी काकानं दुधाची एम-एटी
रस्त्यात आडवी घातली, किटल्यांसकट.
बस थांबली तेवढ्यात तेजलनं खिडकीत
रात्रभर घोकलेलं वाक्य फेकलं:
“अण्णा, बस याक निल्संगिल्ल?”
चालक हसला, मराठीतच म्हणाला,
“थांबवूलालो होतो की गे पयलं.
मोरी खचलीया तिथली. एवढी माणसं घेऊन
कडंला कशी घेऊ? डेपोत लिहून दिलाय तीनदा.”

मुजोर गेला, मोरी आली.
डाव्या रकान्यात मराठी, उजव्यात कन्नड,
मधली रेघ जरा वाकडी, पट्टी सापडली नव्हती.
पंचायतीच्या भिंतीवर लोक दोन्ही रकाने वाचत होते,
एकात काही जास्त तर नाही ना, ते बघायला.

मोरी अजून तशीच आहे. खोटं कशाला सांगू.
खडीचा एक ढीग आलाय.

फेब्रुवारीत विद्यापीठातून साहेब आले.
शाल, नारळ, फोटो.
म्हणाले, आम्ही ग्रामीण पत्रकारितेच्या सदैव पाठीशी.
प्रकल्प मार्चअखेर बंद, हे शिवलीलानं
आदल्या शनिवारी सांगितलं होतं,
फक्त मला, असं मला वाटत होतं.

तेजल उठली. वही उघडली.
“सदैव म्हणजे किती तारखेपर्यंत, सर?
आणि नाव, हुद्दा पूर्ण सांगा.
चुकायला नको.”