पातळीची वही

वहीत फक्त पातळी आहे.
सकाळी सात, संध्याकाळी सात,
जांभळ्या पेन्सिलीने, सेंटिमीटरमध्ये,
तलावातल्या वाकलेल्या लोखंडी पट्टीवरून वाचलेली.
बावीस वर्षं. काही पानं गळालेली,
एका ठिकाणी मेंढीच्या चरबीचा डाग,
त्याखाली चार दिवस बुडालेले.
किती पाणी आलं, किती गेलं,
हे जुमाकादिरने कुठेच लिहिलं नाही.
नोकरी पट्टी वाचण्याची होती.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात.
बेर्मेतला उलटं विचारायचंय:
पोहऱ्यात एवढंच आलं,
तर त्या सकाळी आडात काय चाललं होतं?

बिश्केकमध्ये, चौथ्या मजल्यावर, रेडिएटर थंड,
ती आजच्या पातळीतून कालची वजा करते
आणि हिमनदीचा ओढा पडद्यावर पिसाळतो:
मंगळवारी महापूर,
बुधवारी पाणी डोंगर चढून परत बर्फात शिरतं.
झालं होतं एवढंच, की वारा होता,
लाट पट्टीवर चढली,
म्हाताऱ्याने एक सेंटिमीटर जास्त वाचला.
वजाबाकी मुलखाची चहाडखोर.
ऐकते कुजबुज, ठोकते बोंब.

मग ती आकड्यांवरून हात फिरवते.
फार फिरवला तर इस्त्री केलेली नदी,
ना जुलै, ना जानेवारी.
थोडा कमी.
अजून थोडा.
किती भरवसा आकड्यावर ठेवायचा
आणि किती ओढ्याच्या स्वभावावर,
याचं सूत्र आहे, पण सूत्रातही एक जागा रिकामी असते,
ती माणसानेच भरायची.

तीन आठवड्यांनी दिसू लागतं.
दुपारी वितळलेलं बर्फ रातोरात उतरून येतं,
सकाळची पातळी बोटभर वर.
आणि कोरड्या सालांत, मधूनच एखाद्या रात्री, खड्डा.
एका रात्रीत एवढं पाणी ऊन पीत नाही,
रात्री तर ऊनही नसतं.
असा खड्डा दरवाजाच पाडतो.
दरवाजाची किल्ली एकाकडेच होती.

गावात जुमाकादिरची सून उरुम्कान
चहा ओतते, अर्ध्या वाटीपर्यंत.
अर्धी म्हणजे बैस, अजून ओतीन.
काठोकाठ भरली की पाहुण्याने समजायचं, निघायची वेळ झाली.
"सासरेच उघडायचे," ती हसते,
"खालच्या जर्दाळूंसाठी. वरून हुकूम होता बंद ठेवायचा.
अख्ख्या गावाला ठाऊक होतं."

आणि सकाळी सातला, त्याच चिखलाच्या बुटांनी,
पट्टीपाशी जाऊन खरा आकडा लिहायचे?

"खोटा कशाला लिहितील?
पाणी कुठे गेलं, हे कुणी विचारलंच नाही.
पातळी किती, एवढंच विचारायचे."

बेर्मेतलाही हसू येतं.
पुन्हा अर्धी वाटी. जर्दाळूचा मुरांबा, कालची रोटी.
ती रात्रींवर खुणा करत जाते,
सतरा खड्डे, सतरा खुणा.
इतकं जुळतं की तिलाच थोडी भीती वाटते.

अठरावा नोव्हेंबरातला.
बागा नागड्या उभ्या, कालव्यांच्या कडा गोठलेल्या,
तहान कुणालाच नाही,
आणि दरवाजा रात्रभर सताड उघडा.
सकाळचा आकडा नेहमीसारखाच स्वच्छ,
फक्त पेन्सिल इतकी दाबलेली
की मागच्या पानावर बोटाला लागते.

"आणि ही रात्र?"

उरुम्कान वहीकडे पाहत नाही.
बाहेर कुणीतरी घोड्याला हाक मारतं.
ती किटली उचलते, ओतते,
अर्ध्यावर थांबत नाही,
चहा काठाला येऊन थरथरतो.

बेर्मेत पातळी वाचते.
वही मिटते.