गाळलेल्या जागा

इताताच्या खोऱ्यात, मार्च संपता संपता
मी पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं
आणि फाटकाचा रंग अजून हाताला लागत होता.
"सांभाळून," रोसाल्बा म्हणाली,
आणि तिचीच बाही आधी निळी झाली.

कच्च्या विटांच्या भिंती, पोलादी पट्ट्यांनी आवळलेल्या,
कंबरेला पट्टा लावून ताठ बसलेल्या बाईसारख्या.
वर नवी कौलं. खाली गुळगुळीत कोबा.
दारापाशी पितळी फलक: स्थापनेचं साल,
नूतनीकरणाचं साल,
मध्ये एक बारीक आडवी रेघ.

पहिला पेला मोस्कातेलचा.
दांड्याला धर, फिरव, नाक आत घाल, घाई नको.
संत्र्याच्या फुलांचा वास येतो, ती म्हणाली.
मला आला ओल्या पाटीचा,
नुकत्याच फडक्यानं पुसलेल्या.
तेही चालेल, म्हणाली, इथे उत्तर चुकत नाही.

दुसरी सॅन्सो. डाळिंब सोलताना
नखाच्या कडेला राहतो तेवढाच रंग.

तिसरी पाईस,
टेकडीवरच्या त्या बुटक्या वेलींची,
ज्यांना मांडव कधी मिळाला नाही, पाणी कुणी घातलं नाही.
जिभेवर स्वच्छ. इतकी स्वच्छ
की काच पुसून ठेवावी आणि मागे काहीच नसावं.
"तीनदा गाळतो," रोसाल्बा अभिमानानं म्हणाली.

कोपऱ्यातल्या बाकावर कुणी खाकरलं.
दोन एलेउतेरियो. वय ब्याऐंशी. हुद्दा काही नाही.
दुरुस्तीत जुनं सगळं हललं, हा तेवढा हलला नाही.
त्यानं पेला पोटाशी धरला, एका घोटात संपवला,
म्हणाला: चांगली आहे.
पण हिला अजून कुणी भेटलेलं नाही.

मग तो सांगत सुटला, आणि रोसाल्बा
भाषांतर करता करता मागे पडत गेली.
वेळूच्या जाळीवर घड चोळताना तळहात सोलून निघत.
बायका पाय धुऊन हौदात उतरत.
ओरेलियाच्या टाचा लग्नातसुद्धा जांभळ्या होत्या,
पांढऱ्या बुटांच्या आत; फक्त त्याला माहीत.
रौलीच्या पिंपांना धुराचा वास, उंदरांचा,
कुणाच्या तरी घोंगडीचा.

आणि त्या रात्री जमीन उठली.
पिंपं दावं तुटलेल्या बैलांसारखी
एकमेकांच्या अंगावर गेली.
वाइन अंगणातून, उतारावरून, थेट रस्त्यावर.
सकाळी कोंबड्या झिंगून आडव्या.
लोक वाट्या घेऊन आले,
आधी जखमा धुतल्या, मग प्याले,
हसलेसुद्धा, देवा, हसलेसुद्धा.

यानंतर तो एक वाक्य बोलला.
ते रोसाल्बानं गाळलं.
पण त्यात एक नाव होतं आणि एक नकार;
एवढं मला कुठल्याही भाषेत कळतं.

शाळेत पाच गुणांना यायचं: गाळलेल्या जागा भरा.
कंसात शब्द दिलेले असत, एखादा उरायचाही.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
बाहेर पंप सुरू झाला, बंद झाला.
मग एलेउतेरियो वाकला, गुडघा धरून,
बाकाखालून त्यानं बाटली काढली,
चिठ्ठी नाही, बुचाला चिंधी,
आणि न विचारता ओतली.
गढूळ. तळाशी गाळ हलत होता.

दातांखाली रेती आली.
रोसाल्बानंही घेतली, पेला पोटाशी धरून,
डोळे नव्या कोब्यावर.

चवीच्या कागदावर रंग, वास, शेवट, असे रकाने होते.
तीन ओळी मी नीट भरल्या होत्या.
चौथीवर पेन टेकवून ठेवलं, शाई पसरेपर्यंत.

"बाटली मात्र परत दे," म्हातारा म्हणाला,
"अशी जाड काच हल्ली मिळत नाही."